बिनसाखरेचा चहा

सकाळचे कोवळे ऊन खिडकीतून हलकेच उतरले, ओट्यावरच्या साखरेच्या डब्यावर रेंगाळले आणि मग निरंजनच्या मनगटावरच्या हिरव्या पट्टीवर स्थिरावले. रक्तदाब चढवणारे ताणाचे संप्रेरक वाढून इन्सुलिन निष्प्रभ होऊ लागले की पट्टी तांबडी होई; मग चहा बिनसाखरेचा, हा आता घरोघरचा रिवाज होता.

बायकोने, मृण्मयीने, साखरेचा चमचा भरला. "आज शार्दूलबरोबर गाण्याची तालीम आहे. उशीर होईल."

पट्टी तांबडी झाली. तिने चमचा डब्यात रिता केला.

"कालचं लोणचं बाधलं," निरंजन पुटपुटला.

"लोणचं घरात महिनाभर नाहीये. शार्दूलचं नावच खारट असेल," ती हसली.

कडवट घोट गिळून तो उन्हाकडे पाहत राहिला. त्याला शार्दूलचा मत्सर वाटत होता.