दोरा बांधलेली बाटली

माझ्या धाकट्या जावेला, गंगम्माला, साखरेचा आजार निघाला आन् घरात तिचंच राज्य सुरू झालं. दळण न्हाय, पाणी भरणं न्हाय, वर दोन वेळा दूध. सासूबाई तर अख्ख्या लोहारा गावात सांगत फिरायच्या, "आमच्या धाकटीला राजरोग हाय, नवाबासारखा!" जात्यावर बसून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ह्या आजाराची पाहणी करायला निजामाच्या हैदराबादेहून डॉक्टर यायचा. ह्या खेपेला त्यानं माझी बी लघवी तपासायला मागितली. आम्हाला अक्षर येत न्हाय म्हणून त्यानं बाटल्यांना दोरे बांधले. गंगम्माच्या बाटलीला लाल, माझ्या बाटलीला काळा. बाटल्या भरून ठेवल्यावर कुणाचं ध्यान न्हाय बघून म्या दोरे बदलले. म्हटलं, बघू आता राजरोग कुणाला निघतो!

डॉक्टरनं दोन्हीत निळं औषध टाकून दिव्यावर उकळलं. साखर असली की ते तांबडं होतंय. काळ्या दोऱ्याचं निळंच राहिलं. लाल दोऱ्याचं विटेगत तांबडं झालं.

"शरणम्माबाई, तुम्ही ठणठणीत. गंगम्माबाई, तुमची साखर काही उतरत नाही. गोडाला अजिबात शिवू नका."

गंगम्मा रडाय लागली. पथ्यानं तिची साखर कवाच उतरली व्हती. तांबडी झालेली लघवी माझी व्हती. सांगू कुणाला?



दुसऱ्या दिवशी येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात सासूबाईंनी गंगम्माच्या वाटची गुळाची खीर माझ्या ताटात ओतली. "खा की गं थोरले, तुला कुठं राजरोग हाय!"