डावी कूस

भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या मळीत शाळेचे मास्तर चंद्राला फुटबॉल अडवायला शिकवू लागले. पोरगं रोज डावी कूस सोलपटून घरी यायचं. बाप लखू तेल-हळद लावत विचारायचा, "उजवीकडं कवा पडत न्हाईस व्हय रं?"

"डावी बाजू कच्ची हाय म्हणत्यात मास्तर."

सामन्यात अणशीच्या बंगल्यावरच्या गोऱ्या साहेबानं चेंडू मारला. तो चंद्राच्या उजवीकडनं आरामात गोलात गेला आणि चंद्रा झेप घेऊन डावीकडं आपटला. साहेब खिदळला. एवढं तेल जिरवून हे असलं ध्यान निपजलं, म्हणून लखू पोराकडं बघून पचकन थुंकला.

मास्तर मात्र हसतच आले.



"लखू, साहेब दरसाल त्याच बाजूला मारतात, आणि गोल झाला की खूश होऊन शाळेला देणगी देतात. आता धाकट्यालाही धाड, वेळेत तयार करू."