परसोंची भेग

“मॅडम, भिंतीत दरार हाय बघा,” खड्ड्याच्या काठावरून शेजारच्या घराकडे बोट दाखवत हिम्मतराव प्रणिताला म्हणाले.

बुधवारची दुपार होती. ती खड्ड्यात, नुकत्याच अंथरलेल्या काळ्या कापडावर उभी होती. हैदराबादच्या तारनाक्याजवळची ही जागा म्हणजे एकेकाळचा बुजवलेला तलाव. माती नुसती लोणी. तिच्यावर इमारत उभी करायची तर वरची माती काढायची, जिओटेक्स्टाइलचं जाड कापड पसरायचं, त्यावर मुरूम दाबायचा, पुन्हा कापड, पुन्हा मुरूम. अशी घट्ट गादी झाली की पाया खचत नाही. पुण्याहून आलेल्या प्रणिताचीच ही योजना. आता शेजारच्या घराला लागून असलेली मातीची एक पट्टी तेवढी काढायची राहिली होती. पण ते जुनं बैठं घर त्याच पट्टीच्या आधाराने उभं होतं, आणि म्हाताऱ्या कुसुमताई त्यात एकट्या राहत होत्या.

भेग ताजी असेल तर भिंतीला टेकू देऊन पट्टी तुकड्यातुकड्याने काढायची. आठवडा जाणार. जुनी असेल तर मशीन लावून एकदम.

“केव्हाची आहे, तेवढं विचारून या ना,” ती म्हणाली.

हिम्मतराव साइटचे सुपरवायझर. घरात मराठी, बाहेर दखनी हिंदी, आणि बोलायला लागले की दोन्हींची खिचडी. ते कुसुमताईंच्या दारापर्यंत जाऊन आले. “परसोंची म्हणतात.”

प्रणिताचा जीव भांड्यात पडला. परसों म्हणजे काय, हे ती फटके खाऊन शिकली होती. हैदराबादेत कालच्या मागचं सगळंच परसों. गेला महिना परसों, आणि नातवंडं झालेल्या माणसाचं लग्नही परसोंच. नवी होती तेव्हा कुकटपल्लीत अशाच एका परसोंच्या भेगेपायी तिने काम थांबवलं होतं, माणसं घराबाहेर काढली होती. भेग निघाली घरमालकाच्या लहानपणची. तेव्हापासून साइटवर तिचं नाव पडलं, परसों मॅडम. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण कानावर यायचंच.

तरी भीती काही जाईना. स्वतः जाऊन बघावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात हिम्मतराव मिशीत हसल्यासारखे दिसले. झालं, आता पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं.

“मशीन लावा. पट्टी एकदम काढू.”

मशीन येईपर्यंत कुसुमताईंनी खिडकीतून चहाला हाक मारली. मराठी बोलणारी पोर समोर काम करते, याचं त्यांना कोण कौतुक. प्रणिता गेली. त्यांनी तिला पलंगावर बसवलं आणि कपबशी हातात दिली. भेग उशाशीच होती, छतापासून खालपर्यंत.

ती वाकून बघायला लागली. भेगेत धूळ नव्हती, जाळं नव्हतं. कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. खाली जमिनीवर चुन्याचे पोपडे पडले होते.

“सकाळी झाडलं होतं ग, पुन्हा पडलंच बघ,” कुसुमताई म्हणाल्या.

बाहेर मशीन घरघरलं. बशीत चुन्याचा खडा पडला. प्रणिताने कपबशी खाली ठेवली.

“काकू, ही भेग कुठल्या सालची?”

“साल कसलं ग? मी परवाची म्हटलं ना त्यांना. ह्या सोमवारची.”