सुज्ञ बाई

पडद्यावर शलाकाचंच स्वयंपाकघर होतं. तोच ओटा, टेबलावर तापत ठेवलेली तीच इस्त्री आणि तिच्या लोंबत्या वायरकडे रांगत निघालेला निहार. फक्त शलाकाच्या जागी न्यायालयाची सुज्ञ बाई, म्हणजे संगणकाने घडवलेली सर्वसामान्य समजूतदार व्यक्ती, उभी होती. देशात कुठेही निष्काळजीपणाचा खटला असो, न्यायालयाचा संगणक घडलेला प्रसंग पुन्हा उभा करायचा आणि आरोपीच्या जागी हिला ठेवायचा. तिच्याही हातून तीच चूक झाली, तर आरोपी निर्दोष.

"परवा एका डॉक्टरच्या खटल्यात चुकली ही. सुटला तो," वकील दिघेबाई कुजबुजल्या. "आजही चुकू दे. नाहीतर बाळाला बालगृहात नेतील."

खरा निहार बाहेर आजीच्या मांडीवर होता. भाजलेल्या हाताला बँडेज होतं.

पडद्यावर दारावरची बेल वाजली. सुज्ञ बाई दाराकडे निघाली, अगदी शलाका त्या दिवशी निघाली होती तशीच.

"चुकतेय बघा," दिघेबाई हळूच म्हणाल्या.

निहारने वायर मुठीत धरून ओढली. इस्त्री टेबलाच्या कडेला आली.

"अगं, मागे बघ!" शलाका उभी राहून किंचाळली. "मरू दे ते दार! पोराला उचल आधी!"

तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण सुज्ञ बाई थबकली, वळली आणि धावत येऊन तिने निहारला उचललं. इस्त्री रिकाम्या फरशीवर आदळली.

"वाचला गं बाई!" शलाका मटकन खाली बसली.

दिघेबाईंनी तिचा दंड धरला. "अहो, हरलो आपण."

शलाका अजून पडद्याकडेच बघत होती. तिथल्या निहारचे दोन्ही हात धड होते.