गोळीचा गुण

"कुकरचं झाकण एवढं घट्ट कोण लावतं कुणास ठाऊक," ओट्यापाशी नवरा पुटपुटला.

"जरा जोर लावा," ती दिवाणावर बसल्या बसल्या म्हणाली. सहा वर्षं तो तिला हेच सांगत आला होता, अगदी याच सुरात. मग संधिवाताचं निदान झालं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकदा, दर रविवारी. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं, "गुण यायला दोन-तीन महिने जातील. तोवर हातांना आराम. सर्दी-खोकला असेल त्याने लांब राहायचं."

तेव्हापासून भांडी नवऱ्याकडे आणि धुणं घरातच राहणाऱ्या धाकट्या नणंदेकडे गेलं. नणंद एकदा शिंकली, तर तिला आठवडाभर गॅलरीत जेवायला बसवलं. कुणी ब्र काढला नाही. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं, तेवढं सोडलं तर तिला हे औषध फार मानवलं.

पाचव्या महिन्यात एकदा धुणं वाळत घालून नणंद आत आली, तर वहिनी सुई ओवत होती. पहिल्याच झटक्यात दोरा आरपार.

"वहिनी, तुझी बोटं बरी झालीत?"

"दोन महिने झाले."

"आणि आम्ही इथे मर मर मरतोय. सांगितलं का नाहीस?"

तिने दोऱ्याला शांतपणे गाठ मारली. "खरंच दुखत होतं, तेव्हा तुम्ही दोघं नाटक म्हणालात. आता नाटक करतेय, तर सगळ्यांना पटतंय."