न मोडलेलं मेण

भाऊजींनी काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि ते बाजूला झाले. "बघ निवांत," ते म्हणाले.

धाकटा मेहुणा त्यासाठीच आला होता, पण त्याचा हात पुढे होईना. ताईचा फोन आठवडाभर बंद होता. भाऊजी सांगत होते, भांडून मैत्रिणीकडे गेलीय, राग निवळला की येईल. कोणती मैत्रीण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. घर नीट बघून ये, असं आईने त्याला बजावून पाठवलं होतं.

त्याच्या लेखी घर म्हणजे हे कपाट. आत घडीचे चाकू, सगळे एकाच कारागिराच्या हातचे. त्याचा नवा चाकू विक्रीला आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायचा, आणि ज्याला मिळाला नाही त्याचं जेवणावरून मन उडायचं. हे खूळ मेहुण्याच्या डोक्यात भाऊजींनीच भरलं होतं. ताई दोघांनाही चिडवायची. कपाटभर चाकू, आणि कांदा मात्र माझ्याच सुरीने चिरायचा, म्हणायची.

कारागीर धारेवर मेणाचा पातळ थर देऊन चाकू पाठवायचा. काहीही कापलं की तो थर निघायचा आणि पुन्हा तसा कुणालाच बसवता यायचा नाही. चाहत्यांमध्ये 'मेणमोड्या' ही शिवी होती.

त्याने एकेक चाकू खिडकीशी नेऊन उघडला. प्रत्येक धारेवर मेण जसंच्या तसं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. आपण भाऊजींवर भलताच संशय घेतला, याची त्याला मनापासून लाज वाटली.

भाऊजींनी ताटलीत दोन अख्खी सफरचंदं आणून ठेवली.

"अशीच खाऊ. बघ ना, चाकूंनी भरलेलं घर आणि फळ कापायला काही नाही."

दोघंही हसले. मेहुण्याने सफरचंदाचा लचका तोडला.

मग भाऊजींनी काळ्या शिंगाच्या मुठीचा चाकू काढून त्याच्या हातावर ठेवला. या चाकूला ते आजवर कुणाला बोटही लावू देत नसत.

"तुला ठेव. तुला यातलं कळतं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "आईंना काय सांगशील?"

"पाहिलं तेच."

भाऊजींनी मान डोलावली आणि दाराची कडी काढली.

जिन्यातच त्याने आईला फोन लावला. सफरचंदाच्या रसाने बोटं अजून चिकट होती. एका हाताने खिशातला चाकू चाचपत त्याने तिला मेणाचं सगळं समजावून सांगितलं. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस. भाऊजींच्या एकाही चाकूने आजवर काही कापलेलं नाही."



"कपाटातले राहू देत रे," आई म्हणाली. "ओट्यावरची तिची सुरी जागेवर होती का?"