दुप्पट चरबी

"लेखावर फक्त तुझी सही राहिलीये," आचार्य थनाकोन चटईवर रिनलदाकडे सरकून पुटपुटले. समोर नऊ भिक्खू मंत्र म्हणत होते. प्रयोगशाळेत वर्षभरात मेलेल्या उंदरांना पुण्य पोचवण्याचा आजचा दिवस.

तिने मान खाली घातली. निम्म्या उंदरांना मॉर्फिन, निम्म्यांना नुसते मीठपाणी, अशा सुया तिने बारा आठवडे टोचल्या होत्या. शेवटी सगळ्यांच्या यकृतातली चरबी मोजली. दोन्ही गटांत तसूभरही फरक निघाला नाही. मग विज्ञानावरील अपार निष्ठेपोटी आचार्यांनी तेच नमुने आपल्या खोलीत नेऊन, दार लावून, स्वतः मोजले. मॉर्फिनच्या गटात चरबी थेट दुप्पट भरली. रिनलदाचा हात कच्चा, असा निर्णय झाला. सही केली तर पदवी. नाही तर सारे पुन्हा पहिल्यापासून. आपला हात कच्चाच आहे, हे आता तिलाही पटत आले होते.

मंत्र थांबले. उंदरांची निगा राखणारे सोमनुक काका तिच्याजवळ येऊन टेकले.

"उंदरे, रागावू नकोस हं." पोरींना ते लाडाने अशीच हाक मारत. "मेलेल्या उंदरांची माफी मागून झाली. आता तुझी मागतो."

"काय केलंत काका? पुन्हा चिकट भात चारलात?"

"छे! तू शपथ घातल्यापासून एक शीत नाही. पण सुई सगळ्यांना आणि गुंगी निम्म्यांनाच, हा कुठला न्याय गं? दर रविवारी मी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायचो. या आठवड्यात यांना औषध, पुढच्या आठवड्यात त्यांना. सगळ्यांना सारखं."

रिनलदाला हसू आवरेना.

"हसतेस काय? वाटोळं केलं ना मी तुझं?"

"केलंत. पार केलंत." तिने त्यांचा खरबरीत हात दोन्ही हातांत घेतला. "बारा आठवडे पुन्हा टोचू आपण. चिठ्ठ्या मात्र माझ्या ताब्यात."

ती उठली, भरल्या सभेत आचार्यांपुढे गुडघे टेकून बसली आणि रीतीप्रमाणे हात जोडले.

"आचार्य, चिठ्ठ्या दर आठवड्याला बदलत होत्या. आपल्या प्रत्येक उंदराला मॉर्फिन सारखंच मिळालं. मग ती दुप्पट चरबी कुठल्या उंदराची होती?"